मृतजन्मांचा आकडा आणि आपण

मूल पोटातच दगावले तर आपल्याकडे त्याची फारशी वाच्यता होत नाही. घरातली माणसे गप्प राहतात. पण अशी मृत्यूसंख्या जगभर मोजली जाते, आणि देशागणिक मोजण्याचे माप बदलते, हे आपण समजून घेतले पाहिजे.

मृतजन्म दर म्हणजे जिवंत व मृत मिळून १००० जन्मांमागे मृतजन्म किती. जागतिक आरोग्य संघटना तुलनेसाठी गर्भाचे २८ आठवडे ही मर्यादा धरते. आपल्या १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखालील नियमांतही २८ आठवडेच आहेत. ब्रिटनने मात्र १९९२ साली ती २४ वर आणली. ऑस्ट्रेलियात ती २० आहे. साहजिकच तेथील आकडा फुगलेला दिसतो. म्हणून तेथील आरोग्यसेवा वाईट ठरत नाही.

दुसरी अडचण नोंदीची. जन्मून एकदाच श्वास घेतलेले मूलही जिवंत जन्मात धरावे लागते. त्याला मृतजन्म लिहिले, की दोन्ही आकडे चुकतात. घरच्या बाळंतपणाची नोंदच झाली नाही, तर दर कमी दिसतो. आईचे दुःख मात्र कमी होत नाही.

१९२८ साली मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूती-लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. त्यांचे अनुयायी म्हणून आपण निदान एवढे करू या : आपल्या वस्तीतील प्रत्येक मृतजन्माची नोंद २१ दिवसांत होईल, हे पाहू या. जे मोजले जात नाही, त्यावर उपायही होत नाही.