मराठवाडा ‘बिनशर्त’ आला, म्हणजे नेमकं काय झालं?

या एपिसोडमध्ये तारखा जरा जास्त आहेत, म्हणून बऱ्याच जणांनी लिखित रूप मागितलं होतं. घ्या, हे ते.

मी लातूरचा. बीटेक झालं आणि सगळ्यांसारखा पुण्यात कोड लिहायला लागलो. मागं एकदा ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एकजण म्हणाला, “तुम्हा मराठवाड्यावाल्यांना दोन-दोन स्वातंत्र्यदिन कशाला लागतात रे?” सगळे हसले. मी पण हसलो, कारण दोन वाक्यांत देता येईल असं उत्तर माझ्याकडं नव्हतं. ते उत्तर आज देतो.

जमिनीतलं बेट

१५ ऑगस्ट १९४७ ला लातूर भारतात नव्हतं, हैदराबाद संस्थानात होतं. नकाशा डोळ्यासमोर आणा. चारी बाजूंनी भारत आणि मधे हे संस्थान, म्हणजे समुद्र नसलेलं बेटच म्हणा ना. पण बेट छोटं नव्हतं. १९४१ च्या जनगणनेत तिथं दीड कोटीहून जास्त माणसं होती. चलन स्वतःचं, टपाल तिकिटं स्वतःची, रेल्वे स्वतःची. आमचे आजोबा सांगायचे, बार्शीच्या बाजारात आपला ‘हाली’ रुपया चालायचा नाही, तिथं ‘कलदार’ लागायचा. बार्शी इंग्रजांच्या मुंबई प्रांतात होती आणि लातूर निजामाकडं. आज दोन तासांचा रस्ता आहे, तेव्हा मधे हद्द होती.

जून १९४७ मध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांनी जाहीर केलं की ते भारतातही जाणार नाहीत आणि पाकिस्तानातही. २९ नोव्हेंबर १९४७ ला भारताशी एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला. ऑगस्ट १९४८ मध्ये निजाम सरकारनं प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडं नेलं. शेवटी १३ सप्टेंबरला भारतीय फौजा आत शिरल्या आणि १७ सप्टेंबर १९४८ ला निजामानं शरणागती पत्करली. तोच आपला मुक्तिसंग्राम दिन.

आता खरा प्रश्न. हैदराबाद स्वतंत्र राहायचं म्हणत होतं, पण हैदराबादच्या आत असलेल्या मराठी जिल्ह्यांना काय हवं होतं? औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद असे ते पाच जिल्हे. लातूर तेव्हा उस्मानाबादमध्येच होतं, वेगळा जिल्हा १९८२ ला झाला. राज्यकारभार उर्दूत चालायचा, उस्मानिया विद्यापीठात शिकवायचे ते पण उर्दूत. हिप्परग्याला आणि अंबाजोगाईला शिक्षक असलेले स्वामी रामानंद तीर्थ स्टेट काँग्रेसचे नेते झाले. आणि रझाकारांचा प्रमुख कासिम रझवी? तो लातूरलाच वकिली करायचा. म्हणजे भारतात जायचं म्हणणारे आणि नाही म्हणणारे, दोघंही याच मातीत वावरलेले.

अजून एक गोष्ट सांगतो, कारण ती टाळून हा इतिहास सांगणं बरोबर नाही. पोलीस कारवाईनंतर मुसलमानांवर मोठा हिंसाचार झाला. नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. समितीच्या अहवालात मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा आहे आणि सगळ्यात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेडची नावं आहेत. माझ्या शाळेतला एक मित्र १७ सप्टेंबरच्या झेंडावंदनाला यायचा, पण त्याच्या घरी त्या दिवशी फारसं कुणी बोलायचं नाही. का ते मला फार उशिरा कळलं. आपण ‘मराठवाड्याची अस्मिता’ म्हणतो तेव्हा तो पण त्यात आला पाहिजे, नाहीतर शब्द पोकळ आहे.

करार झाला, पण…

मुक्त झालो, पुढं काय? संयुक्त महाराष्ट्राची चर्चा सुरू झाली. २८ सप्टेंबर १९५३ ला नागपूर करार झाला. खर्च लोकसंख्येच्या प्रमाणात, सरकारी नोकऱ्या आणि तांत्रिक शिक्षणातही त्याच हिशोबानं वाटा, मराठवाड्याच्या विकासाकडं विशेष लक्ष आणि त्याचा अहवाल दरवर्षी विधिमंडळात. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात.

भाषणांत ऐकतो आपण, “मराठवाडा बिनशर्त सामील झाला.” मला पण तेच वाटायचं. पण वर बघा, अपेक्षा लिहिलेल्या होत्या. नव्हतं ते एवढंच, की त्या पाळल्या नाहीत तर काय, हे कुठं लिहिलेलं नव्हतं. नागपूर करार म्हणजे नेत्यांनी एकमेकांना दिलेला शब्द. शब्द मोडला म्हणून कोर्टात कसं जाणार?

मग १९५६ ला संविधानात कलम ३७१(२) आलं. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी वेगळी विकास मंडळं, निधीचं समन्यायी वाटप, आणि त्याची विशेष जबाबदारी राज्यपालांवर. इथं माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. आम्ही स्पेसिफिकेशन वाचताना आधी एकच बघतो : ‘करावंच लागेल’ लिहिलंय, की ‘करता येईल’? पहिलं असेल तर ते बनवावंच लागतं. दुसरं असेल तर ते बॅकलॉगमध्ये पडून राहतं. कलम ३७१(२) म्हणतं, राष्ट्रपतींना आदेशानं अशी तरतूद ‘करता येईल’.

आणि बॅकलॉगमध्येच पडलं ते. कलम आलं १९५६ ला, मंडळं स्थापन झाली १९९४ ला. म्हणजे फीचर कोडमध्ये आहे, पण अडतीस वर्षं स्विच बंद! मधल्या काळात, १९८४ मध्ये, दांडेकर समितीनं राज्याचा ‘अनुशेष’ मोजला, म्हणजे कोणता भाग किती मागं राहिला याचा हिशोब केला. एकूण सुमारे ३,१८६ कोटी, त्यात मराठवाड्याचा सुमारे ७५० कोटी. मंडळांना मुदतवाढ मिळत गेली आणि ३० एप्रिल २०२० ला ती मुदत संपली. मंडळं पुन्हा आणण्याची शिफारस करायचं राज्य मंत्रिमंडळानं ठरवलं ते सप्टेंबर २०२२ मध्ये.

दुसरं बेट, यावेळी खरंखुरं

आता जरा लांब जाऊ. १८ सप्टेंबर २०१४, स्कॉटलंडमध्ये सार्वमत : ब्रिटनपासून स्वतंत्र व्हायचं का? ५५ टक्के लोक ‘नको’ म्हणाले. पण स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी आणि शेटलंड नावाची बेटं आहेत. ती पूर्वी स्कॉटलंडची नव्हतीच. १४६८-६९ मध्ये डेन्मार्क-नॉर्वेच्या राजानं मुलीच्या हुंड्यापोटी ती गहाण टाकली आणि कधी सोडवलीच नाहीत. तिथल्या लोकांची ओळख अजून जरा वेगळी आहे. स्कॉटलंड ब्रिटनला जे विचारत होतं, तेच ही बेटं स्कॉटलंडला विचारत होती : “तुम्ही स्वतंत्र व्हाल, पण आमचं काय?”

मला आवडलं ते त्यांचं टायमिंग. सार्वमताच्या एक वर्ष आधी, २०१३ मध्ये, तीन बेटसमूहांच्या स्थानिक परिषदा एकत्र आल्या. दोन्ही बाजूंना त्यांची मतं हवी होती, म्हणून त्यांनी दोघांकडूनही लेखी आश्वासनं घेतली. पुढं २०१८ मध्ये स्कॉटलंडच्या संसदेनं बेटांसाठी कायदा केला. बेटांसाठी राष्ट्रीय आराखडा करायचा, दरवर्षी त्याचा अहवाल द्यायचा, आणि एखाद्या धोरणाचा बेटांवर वेगळा परिणाम होणार असेल तर तो आधी तपासायचा. हे सगळं ‘करावंच लागेल’ प्रकारातलं. अगदी सरकारी नकाशात शेटलंड कोपऱ्यातल्या चौकटीत न टाकता जागच्या जागी दाखवा, इथपर्यंत!

तुलना सरळ नाही, मान्य. शेटलंडजवळ समुद्रात तेल आहे, आपल्याकडं प्यायचं पाणी नाही. पण एक मुद्दा लागू होतोच. ज्या दिवशी समोरच्याला तुमची गरज असते, त्या दिवशी लिहून घ्यायचं असतं. आपण १९५६ ला विश्वासावर आलो. तो विश्वास चुकीचा नव्हता, पण नुसत्या विश्वासाला मुदत, मोजमाप आणि जबाबदार माणूस यातलं काहीच नसतं.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, आठवतंय? पहिल्या फेरीत दहा टँकर होते. मी तेव्हा कॉलेजला होतो, आई फोनवर सांगायची आज नळाला पाणी आलं का नाही ते. मिरज-लातूर ही जुन्या बार्शी लाइट रेल्वेची वाट, जी एकेकाळी इंग्रजांच्या हद्दीतून निजामाच्या हद्दीत शिरायची. हद्द गेली, गेज बदललं, गाडी पाणी घेऊन आली. ज्यांनी दिलं त्यांचे उपकार आहेतच. पण पाणी उपकार म्हणून येणं आणि हक्क म्हणून येणं यात फरक आहे. या एपिसोडचा सगळा मुद्दा तोच.

मी वेगळं राज्य मागत नाहीये. माझा पगार पुण्यातून येतो आणि मन लातुरात असतं, मला दोन्ही पाहिजेत. म्हणणं एवढंच आहे, की पुढच्या १७ सप्टेंबरला स्टेजवरून कुणी पॅकेज जाहीर केलं, तर टाळ्या वाजवा, पण तीन प्रश्न पण विचारा : हे ‘करावंच लागेल’ आहे की ‘करता येईल’? मुदत कधीची? आणि नाही झालं तर उत्तर कोण देणार?

कॅन्टीनमधल्या मित्रा, तुला उत्तर : पहिला दिवस देशाचा, तो तुझा-माझा दोघांचा. दुसऱ्या दिवशी आम्ही त्या देशात आलो. आणि येताना काय ठरलं होतं, ते विसरू नये म्हणून तो लागतो.

तुमच्या घरी हाली-कलदारच्या, हद्दीच्या आठवणी सांगणारं कुणी असेल, तर आजच फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. चला, भेटू पुढच्या एपिसोडला.