अखंड अरण्य

एका धोतराचे चार तुकडे केले, तर कापड तेवढेच राहते. पण ते नेसता मात्र येत नाही. अरण्याचेही तसेच आहे. मधून एखादा रस्ता, लोहमार्ग किंवा कालवा नेला, तर त्यासाठी थोडीच झाडे तोडावी लागतात, आणि नकाशावर अरण्य जवळजवळ पूर्वीइतकेच दिसते. परंतु त्यात राहणाऱ्या प्राण्यांच्या दृष्टीने ते अखंड राहिलेले नसते.

वाघाचेच उदाहरण घ्या. बछडा सुमारे दोन वर्षांचा झाला, म्हणजे आईला सोडून स्वतःच्या हद्दीच्या शोधात दूर निघून जातो. निसर्गाची ही योजना मोठी हिताची आहे. कारण तिच्यामुळे निरनिराळ्या अरण्यांतील कुळे एकमेकांत मिसळतात. वाट अडली, की हा संबंध तुटतो. एकाच तुकड्यात कोंडल्या गेलेल्या मोजक्या प्राण्यांची संतती आप्तांतच होऊ लागते आणि पिढ्यान्‌पिढ्या आनुवंशिक दोष साचत जातात. साथीच्या रोगाने कित्येक प्राणी दगावले, तर त्यांची उणीव भरून काढण्यास बाहेरून कोणी येऊ शकत नाही.

ही केवळ कल्पना नव्हे. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात प्यूमा हा मोठा मार्जार आढळतो. शिकार आणि वाढती वस्ती यांमुळे तेथील प्यूमा इतरांपासून तुटले, आणि त्यांची संख्या २० ते ३० पर्यंत घटली. कित्येकांच्या शेपट्या वाकड्या, तर काहींची हृदये सदोष निघू लागली. अखेर १९९५ साली टेक्सास राज्यातून ८ माद्या आणून तेथे सोडण्यात आल्या. त्यानंतर सुदृढ पिल्ले जन्मली आणि प्यूमांची संख्या शंभरापलीकडे गेली.

परंतु असे उपाय करण्याची वेळच येऊ न देणे अधिक शहाणपणाचे. आपल्या नागपूरहून सिवनीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ पेंच परिसरातील अरण्यातून जातो. तो रुंद करताना महाराष्ट्राच्या हद्दीत प्राण्यांच्या ये-जा करण्यासाठी ९ ठिकाणी पूल बांधण्यात आले. त्यांतील सर्वांत लांब पूल ७५० मीटरांचा आहे. वरून मोटारी धावतात आणि खालून प्राणी निर्धास्तपणे पलीकडे जातात. २०१९ साली तेथे लावलेल्या कॅमेऱ्यांत ११ वाघ टिपले गेले.

म्हणून अरण्य किती उरले, एवढेच विचारून भागत नाही. ते परस्परांशी जोडलेले आहे काय, हेही विचारले पाहिजे.