सौर पॅनेल आणि सूर्यप्रकाश

रुग्णालयाच्या गच्चीवरील सौर पॅनेल पावसाळ्यात वीज कमी का देतात, अशी विचारणा काही देणगीदारांनी आमच्याकडे केली. पॅनेलची क्षमता दर चौरस मीटरला १००० वॅट प्रकाश व पॅनेलचे २५ अंश सेल्सिअस तापमान गृहीत धरून ठरविलेली असते. प्रकाश निम्मा झाला की वीजही जवळजवळ निम्मी होते. त्यामुळे आषाढ-श्रावणातील दाट ढगांत ती बरीच घटते. वैशाखात ऊन भरपूर, परंतु पॅनेल तापल्याने उत्पादन थोडे उतरते. धुळीचा थरही प्रकाश अडवितो, म्हणून पॅनेल नियमित धुवावे लागतात. शस्त्रक्रियागृह व नवजात शिशु कक्षाला ढग ओसरण्याची वाट पाहता येत नाही. तेथे जनरेटर सज्ज ठेवणे अनिवार्यच आहे. तरी आपल्या देणगीचे मोल एका महिन्याच्या नव्हे, तर वर्षभराच्या विजेवरून जोखावे, ही नम्र विनंती.