शैवलोपद्रव, प्रवाळ-जलजीवालयातील

प्रवाळ व सागरी मासे ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या काचटाकीत नको असलेली शैवले बेसुमार माजणे, याला ही संज्ञा लावतात. थोडी शैवले प्रत्येक टाकीत असतातच. प्रवाळाच्या पेशींत राहणारी सहजीवी शैवले तर त्याची अन्नदातीच होत. तंतूंनी वा थराने प्रवाळ झाकला गेला, की मात्र त्याचे ऊतक मरते, पांढरा सांगाडा उघडा पडतो आणि त्यावरही शैवलच बसते.

ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही शहरे समुद्रापासून आत आहेत. जवळच्या कल्याण खाडीचे पाणी मचूळ असून त्यात सांडपाणी मिसळते. ते टाकीस निरुपयोगी होय. त्यामुळे सागरी पाणी मीठमिश्रणापासून (लिटरमागे सु. ३५ ग्रॅ.) तयार करावे लागते. या शहरांना उल्हास व बारवी नद्यांचे पाणी मिळते. ते पिण्यास योग्य असले, तरी सह्याद्रीच्या बेसाल्ट खडकांवरून आल्याने त्यात सिलिका विरघळलेली असते. नायट्रेट व फॉस्फेटही थोडे असू शकते. उन्हाळ्यात उल्हास नदीवर पसरणारी जलपर्णी अशाच पोषकद्रव्यांवर वाढते. टाकीतून बाष्परूपाने केवळ शुद्ध पाणी जाते. तूट नळाच्या पाण्याने भरल्यास ही द्रव्ये मागे साठत राहतात. म्हणून व्यस्त तर्षणाने (घरगुती ‘आरओ’ यंत्राच्या तत्त्वाने) गाळून पुढे आयन-विनिमय रेझिनातून काढलेले पाणीच वापरतात.

उपायापूर्वी ओळख पटणे आवश्यक असते. नव्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांत वाळूवर येणारी तपकिरी भुकटी करंडक वनस्पतींची (डायाटमांची) असते. सिलिका संपली, की ती बहुधा आपोआप जाते. जांभळट-तांबडा, बुळबुळीत, पापुद्र्यासारखा सोलून निघणारा थर नील-हरित शैवलांचा होय. ही वस्तुतः जीवाणू आहेत. तो वक्रनळीने ओढून काढतात व पाण्याचा प्रवाह वाढवितात. एरिथ्रोमायसिनाने तो मरतो. परंतु अमोनियाचे रूपांतर करणारे उपयुक्त जीवाणूही त्याने दुखावण्याची भीती असते. हिरव्या केसांसारखी शैवले हाताने उपटून दगड दातांच्या ब्रशाने घासतात. पिसासारखे दिसणारे ब्रायोप्सिस अधिक चिवट असून त्यावर फ्लुकोनॅझोल हे बुरशीनाशक वापरण्याची पद्धत आहे. व्हॅलोनियाचा हिरवा, चकचकीत फुगा म्हणजे एकच मोठी पेशी असते. तो न फोडता बुडासकट काढतात.

सर्वांत फसवी तपकिरी, बुडबुडेयुक्त, लोंबत्या शेंबडासारखी वाढ डायनोफ्लॅजेलेटांची असते. ती करंडक वनस्पती समजून पोषकद्रव्ये आणखी घटविली जातात आणि रोग बळावतो. कारण नायट्रेट व फॉस्फेट शून्यावर आलेल्या टाकीतच ती अनेकदा माजतात. तिचा नमुना टाकीच्या पाण्यात जोराने हलवून गाळणकागदातून गाळावा व गाळलेले पाणी उजेडात ठेवावे. तासाभरात त्यात पुन्हा तंतू जुळून आले, तर निदान बहुधा बरोबर असते. सूक्ष्मदर्शक असल्यास शंका राहत नाही. ऑस्ट्रिऑप्सिससारख्या प्रजाती विषारी असून त्या खाल्ल्याने गोगलगाई मरतात. येथे नायट्रेट लिटरमागे २ ते १० मिग्रॅ. व फॉस्फेट ०·०३ ते ०·१ मिग्रॅ. पर्यंत वर आणावे लागते. रात्री पाण्यात तरंगणाऱ्या प्रजातींवर जंबुपार दिव्याचा उपयोग होतो.

इतर बहुतेक शैवलांबाबत उलट धोरण असते : खाद्य कमी करणे, पाणी बदलणे, टर्बो गोगलगाई व सर्जन मासे सोडणे आणि शेजारच्या उजेडी कप्प्यात कीटोमॉर्फा हे शैवल वाढवून वेळोवेळी कापून टाकणे. शैवल नुसते उपटले, पण पोषकद्रव्ये तशीच राहिली, तर ते परत येते.

पुष्कळदा उपद्रव दगडाबरोबर येतो. अश्मप्रवाळ २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत असल्याने मालवणसारख्या किनाऱ्यावरून ते उचलून आणणे हा गुन्हा आहे. कोरडा वा कृत्रिम दगड वापरल्यास शैवलांचे बीजही येत नाही. मात्र कोरड्या दगडातून काही महिने फॉस्फेट झिरपत राहण्याचा संभव असतो.