अकरावी-बारावीचे विज्ञान : लेखांक ४ – भौतिकशास्त्राचा पाया अकरावीत

दहावीपर्यंत भौतिकशास्त्र हा स्वतंत्र विषय नसतो. राज्य मंडळाच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १’ या पुस्तकात ते रसायनशास्त्राच्या सोबतीने येते आणि त्या भागाची लेखी परीक्षा ४० गुणांची असते. अकरावीत त्याला वेगळे पुस्तक, वेगळा तास आणि वेगळी प्रयोगशाळा मिळते. अंधेरीचे भवन्स, घाटकोपरचे झुनझुनवाला किंवा मुलुंडचे वझे-केळकर यांसारख्या कनिष्ठ महाविद्यालयांत विज्ञान शाखेचे अध्यापन इंग्रजीतून चालते. मराठी शाळेतून आलेल्या विद्यार्थ्याला संवेग, त्वरण, जडत्व या ओळखीच्या कल्पनांची नवी नावे आधी पाठ करावी लागतात.

नावांपेक्षा मोठा बदल गणिताचा असतो. बालभारतीच्या अकरावीच्या पुस्तकात १४ प्रकरणे आहेत. पहिले एकके आणि मोजमाप यांचे, तर दुसरे गणिती पद्धतींचे. सदिशांची बेरीज, विकलन आणि संकलन यांची ओळख या दुसऱ्या प्रकरणात होते. गणिताच्या तासाला कलन, म्हणजे हेच विकलन-संकलन, पोहोचण्याआधीच भौतिकशास्त्राला त्याची गरज पडते, आणि सुरुवातीची बहुतेक भीती इथूनच येते.

गती आणि बल समजून घ्यायला उपनगरातल्या विद्यार्थ्याला लांब जावे लागत नाही. समजा, बोरिवलीहून रिकामी लोकल ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग इतक्या त्वरणाने सुटली. २० सेकंदांनी तिचा वेग सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर होतो आणि तोवर ती १०० मीटर पुढे गेलेली असते. डब्यात लटकणाऱ्या कड्या या काळात सरळ खाली न राहता मागे झुकतात. त्या कोनाची टॅन्जन्ट किंमत म्हणजे त्वरण भागिले गुरुत्वत्वरण, म्हणजे ०.५ भागिले ९.८. त्यावरून कोन सुमारे ३ अंश येतो. फलाटावरून पाहणाऱ्याच्या मते झुकलेल्या कडीतला ताणच तिला पुढे ओढतो. डब्यात बसलेल्याला मात्र हिशेब जुळवण्यासाठी मागे खेचणारे एक आभासी बल मानावे लागते. उत्तर दोघांचे एकच येते.

प्रयोगशाळेत पहिली ओळख बहुधा व्हर्नियर कॅलिपरशी होते. नेहमीच्या उपकरणात मुख्य मापपट्टीवरचे ९ मिलिमीटर व्हर्नियरच्या १० भागांइतके असतात, म्हणून त्याचे लघुतम माप ०.०१ सेंटिमीटर. एखाद्या गोळीचा व्यास मोजताना मुख्य पट्टीवर १.९ सेंटिमीटर दिसले आणि व्हर्नियरची सातवी रेघ जुळली, तर वाचन १.९७ येते. जबडे बंद असताना दुसरी रेघ जुळत असेल, तर उपकरणात अधिक ०.०२ ची शून्य त्रुटी आहे. ती वजा करून खरा व्यास १.९५ सेंटिमीटर ठरतो. व्यासात ०.०१ सेंटिमीटरची अनिश्चितता म्हणजे सुमारे अर्धा टक्का. घनफळात व्यासाचा घन येत असल्याने तिथे ती तिप्पट, म्हणजे दीड टक्का होते. ‘लीस्ट काउंट (लघुतम माप) किती?’ हा तोंडी परीक्षेतला हमखास प्रश्न असतो. तो केवळ पाठांतर तपासायला विचारला जात नाही, कारण लिहिलेल्या उत्तरावर किती विश्वास ठेवायचा हे त्यावरूनच ठरते.

बारावीच्या १६ प्रकरणांपैकी बरीचशी या पायावर उभी आहेत. परिवलन गतीला अकरावीचे गतिनियम आणि सदिश लागतात, दोलनांना विकलन लागते, विद्युतधारेच्या प्रकरणाला अकरावीतला ओहमचा नियम. बारावीत लेखी परीक्षा ७० गुणांची आणि प्रात्यक्षिक ३० गुणांचे असते. लेखी परीक्षेत १८ गुणांचे बहुपर्यायी आणि अतिलघुत्तरी प्रश्न सोडवावेच लागतात, उरलेल्या विभागांत निवडीला वाव असतो. अभियांत्रिकीसाठीच्या एमएचटी-सीईटीत भौतिकशास्त्राचे ५० प्रश्न असतात. त्यांत अकरावीचा वाटा सुमारे २० टक्के, बारावीचा ८० टक्के. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत.

ही टक्केवारी पाहून अनेक जण अकरावी बाजूला सारतात. क्लासची वेळ सांभाळताना प्रयोगशाळेचा तास बुडतो आणि जर्नल मित्राच्या वहीवरून उतरवले जाते. पण प्रयोगाला किती वजन असते, हे मुंबईतच दिसते. इथे मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या या केंद्राकडे आंतरराष्ट्रीय विज्ञान ऑलिंपियाड स्पर्धांसाठी भारतीय संघ निवडण्याचे आणि घडवण्याचे काम आहे. २०१५ चे आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिंपियाडही मुंबईतच झाले. त्या स्पर्धेत लेखी प्रश्नांइतकाच प्रयोग अटळ असतो आणि तिथे उतरवलेले जर्नल उपयोगी पडत नाही.

सीईटीच्या हिशेबात अकरावी २० टक्के दिसते, पण बारावीच्या ८० टक्क्यांतली बरीच गणितेही तिच्याशिवाय सुटत नाहीत. म्हणून पहिली दोन प्रकरणे आणि पहिले चार-पाच प्रयोग स्वतःच्या हाताने पूर्ण करणे, हाच या विषयातला सर्वांत कमी कष्टाचा मार्ग आहे.