तीन पायांची शिडी

डहाणू, घोलवड, बोर्डी या बाजूला चिकूच्या वाड्या पुष्कळ. इथल्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. चिकूचे जुने झाड तीस फुटांवर जाते. फळ काढायला, फांदी छाटायला शिडी लागतेच.

शिडीवरून गडी पडला, कंबर मोडली, तर घरची चूल कशी पेटणार? म्हणून शिडीचे चार शब्द आम्ही सांगतो.

साधी शिडी टेकून उभी राहते. फार उभी ठेवली तर माणूस मागे कलंडतो. फार तिरपी ठेवली तर पाय घसरतात. हिशेब सोपा आहे. चार हात उंचीला एक हात दूर. बारा फुटांवर टेकवली, तर पाय तीन फूट लांब ठेवा.

पण झाड म्हणजे भिंत नव्हे. फांदी ओझ्याने खाली वाकलेली असते. तिचा शेंडा छाटला की ओझे उतरते, फांदी वर उसळते आणि टेकलेली शिडी सुटते. शिडी टेकवायची तर जाड, न छाटायच्या फांदीला टेकवा नि दोरीने बांधा.

याहून बरी तीन पायांची शिडी. आपल्या चुलीला दगड किती? तीन. खाली जमीन खडबडीत असली तरी तीन दगड डुगडुगत नाहीत. शिडीचेही तसेच. पुढचे दोन पाय खाली रुंद असतात, तिसरा झाडाच्या आत घालावा. तिला फांदीचा आधार लागत नाही. ही शिडी मातीवरच लावा. गुळगुळीत फरशीवर पाय पसरतात. पावसात माती मऊ होते, तेव्हा पायांखाली फळी घाला.

चढण्याआधी बांबू बघा. चीर गेली आहे का? भुंगा लागून भुसा गळतो का? तसली शिडी मोडून टाका. वर विजेची तार असेल तर तिथे शिडी नेऊच नका.

चढताना दोन्ही हात मोकळे ठेवा. फळे खांद्याच्या झोळीत टाका. बेंबी शिडीच्या दोन दांड्यांच्या मध्ये राहू द्या. हात पोचत नसेल तर वाकू नका. उतरा, शिडी सरकवा. वरच्या दोन पायऱ्यांवर उभे राहू नका.

कोणी पडलाच, तर त्याला ओढून बसवू नका. कणा दुखावलेला असू शकतो. तसाच निजू द्या आणि 108 ला फोन करा.

चांगली शिडी मागायला लाजू नका, बाबांनो. मोडकी शिडी दिली, तर चढायचे नाही असे सांगा. चिकू उद्याही उतरतील. मोडलेला कणा उद्या जुळेलच असे नाही.