थंडी, शेगडी आणि मुले
दिल्लीत बदलून आलेल्या मराठी कुटुंबास पौषातील पहिल्याच रात्री शेगडी आठवते. परंतु मुले निजतात त्या बंद खोलीत कोळशाची शेगडी मुळीच ठेवू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला ना रंग, ना वास. झोपेतच तो प्राण घेतो.

विजेच्या हीटरांविषयी दुकानदार काहीही सांगो, लाल तारेचा घ्या वा तेलाचा, एका युनिटात उष्णता तेवढीच मिळते. तेलाच्या हीटरात उघडी तार नसते, म्हणून रांगत्या मुलाच्या घरी तो बरा. खरी काटकसर बाहेरची उष्णता आत ओढणाऱ्या, गरम हवेची सोय असलेल्या वातानुकूलकात आहे. त्याला सुमारे तृतीयांश वीज पुरते. किंमत मात्र भारी! ती न परवडल्यास २,००० वॅटचा हीटर निजण्यापूर्वी तासभर लावावा, म्हणजे दोन युनिटे, आणि दाराखालच्या फटीत जुने कांबळे सारावे.